कारवाईचा दर आणि डॉक्टरचं रेकॉर्ड: अमेरिकेत डॉक्टर तपासताना होणारी गल्लत

अमेरिकेत नवा डॉक्टर गाठायचा किंवा कुणाचं ऑपरेशन ठरलं, की लोक दोन गोष्टी शोधतात. एक म्हणजे राज्याच्या मेडिकल बोर्डाचा कारवाईचा दर, म्हणजे दर हजार डॉक्टरांमागे वर्षाला किती गंभीर कारवाया झाल्या. दुसरी म्हणजे त्या एका डॉक्टरच्या लायसनचं रेकॉर्ड. पहिला आकडा बातम्यांत राज्यांच्या क्रमवारीच्या रूपात येतो. दुसरी माहिती बोर्डाच्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळते. आणि मग “आमच्या राज्यात कारवाया कमी होतात, म्हणजे इथले डॉक्टर चांगले” किंवा “रेकॉर्ड कोरं आहे, आता काळजी नाही” असं चांगली शिकली-सवरलेली माणसंसुद्धा सहज बोलून जातात. दोन्ही अनुमानं चुकीची आहेत, आणि त्यापायी माणसं नको त्या हाताखाली जातात. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी व्यवस्था कशी आहे ते बघू. अमेरिकेत डॉक्टरला लायसन देशाचं मिळत नाही, राज्याचं मिळतं. तीन राज्यांत प्रॅक्टिस करायची तर तीन लायसनं लागतात. लायसन देणारं, तक्रारी घेणारं, चौकशी करणारं आणि शिक्षा करणारं बोर्ड प्रत्येक राज्याचं वेगळं. काही राज्यांत तर एमडी डॉक्टरांचं एक आणि डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथी शाखेतून शिकलेल्या डॉक्टरांचं दुसरं अशी दोन बोर्डं आहेत, कॅलिफोर्नियात तसंच आहे. त्यामुळे देशभरात अशी सुमारे सत्तर बोर्डं भरतात. प्रत्येकाचा कायदा, कर्मचारी आणि सवयी निराळ्या.

आता दराबद्दल. ही क्रमवारी लोकांपुढे आणली पब्लिक सिटिझन या संस्थेने. ग्राहक हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांनी १९७१ मध्ये ती सुरू केली, आणि तिच्या आरोग्य विभागाचं काम डॉ. सिडनी वुल्फ यांनी अनेक दशकं सांभाळलं. त्यांची पद्धत साधी आहे. लायसन रद्द होणं, निलंबित होणं, डॉक्टरने ते परत करणं, प्रॅक्टिसवर बंधनं येणं अशा गंभीर कारवाया मोजायच्या आणि त्या राज्यातल्या डॉक्टरांच्या संख्येने भागायचं. छोट्या राज्यात दोन-चार कारवायांनी आकडा वर-खाली होतो, म्हणून तीन वर्षांची सरासरी घेतात.

२०१७ ते २०१९ या काळाच्या क्रमवारीत केंटकी पहिलं होतं, हजार डॉक्टरांमागे वर्षाला साधारण २.३ गंभीर कारवाया. तळाला होतं वॉशिंग्टन डीसी, साधारण ०.३. म्हणजे जवळजवळ आठपट फरक. आता विचार करा, केंटकीचे डॉक्टर राजधानीतल्या डॉक्टरांपेक्षा आठपट वाईट असतील का? बहुतेक जण त्याच देशातल्या मेडिकल कॉलेजांतून, त्याच परीक्षा देऊन, त्याच पद्धतीची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, करून आलेले. असला फरक माणसांमध्ये नसतो. तो त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांमध्ये असतो. दर जास्त असेल तर बोर्ड काम करतंय, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. त्यामुळे कमी दराच्या राज्यात राहणाऱ्याने खूश व्हायचं कारण नाही, उलट थोडं जास्त सावध व्हायला हवं.

दर कमी-जास्त का होतो, याची कारणं बरीच कोरडी आहेत, पण कळून घेण्यासारखी आहेत. बोर्डाकडे चौकशी अधिकारी आणि वकील किती आहेत. बोर्ड स्वतः निर्णय घेऊ शकतं की राज्य सरकारच्या दुसऱ्या खात्यावर अवलंबून आहे. आणि आरोप सिद्ध करायला किती पुरावा लागतो. काही राज्यांत आरोप खरा असण्याची शक्यता खोटा असण्यापेक्षा जास्त दिसली की पुरतं. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात त्याहून बरंच ठोस, स्पष्ट आणि पटणारा पुरावा लागतो. गुन्हा तोच, डॉक्टर तसाच, पण एका राज्यात केस उभी राहते आणि दुसऱ्या राज्यात बंद होते.

शिवाय मोजणीत एक अडचण आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एका डॉक्टरकडे चार राज्यांची लायसनं असतील आणि एका राज्याने आपलं काढून घेतलं, तर बाकीची राज्यंही त्याच आधारावर आपापली कारवाई करू शकतात. चूक एक, कारवाया चार. उलट दिशेनेही घोटाळा होतोच. एखाद्याकडे राज्याचं लायसन असतं पण तो तिथे रुग्णच तपासत नाही, तरी भागाकारात तो मोजला जातो. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत तर कुठल्याही राज्याचं लायसन चालतं, म्हणजे डॉक्टर काम करतो एका राज्यात आणि मोजला जाऊ शकतो दुसऱ्या.

या कारणांमुळे राज्यांच्या बोर्डांची शिखर संघटना, फेडरेशन ऑफ स्टेट मेडिकल बोर्ड्स, अशा क्रमवारीला विरोध करते. कायदे वेगळे, शब्दांचे अर्थ वेगळे, तुलना करू नका असं तिचं म्हणणं. तेराव्या आणि सतराव्या क्रमांकातल्या फरकाबद्दल मला ते पटतं. त्यातून काहीच निष्कर्ष काढू नये. पण आठपट फरक निव्वळ शब्दांच्या अर्थाने होत नाही. तळाच्या बोर्डांनी त्याचं उत्तर रुग्णांना द्यायला हवं.

आता एका डॉक्टरचं रेकॉर्ड. हे बघण्यासाठी “राज्याचं नाव, मेडिकल बोर्ड, लायसन” एवढं शोधलं की बोर्डाचं पान मिळतं. त्यात डॉक्टरचं नाव टाकायचं. सारख्या नावाचे दोघे-तिघे निघतात, म्हणून शहर किंवा मेडिकल कॉलेज ताडून बघायचं. पानावर लायसन नंबर, दिल्याची तारीख, मुदत कधी संपते आणि लायसनची सद्यस्थिती दिसते. इथेच पहिला फसवा शब्द असतो, ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘करंट’. तो बघून लोक पान बंद करतात. पण प्रोबेशनवर असलेल्या डॉक्टरचं लायसनही चालूच असतं. त्याला प्रॅक्टिस करायची मुभा असते, फक्त अटी घातलेल्या असतात. म्हणून सद्यस्थितीच्या खाली जावं. ‘पब्लिक डॉक्युमेंट्स’, ‘बोर्ड ॲक्शन्स’ किंवा ‘डिसिप्लिन’ असं जिथे लिहिलेलं असतं, ते उघडावं.

कारवाई झालेली असेल तर तिथे बहुतेक वेळा दोन कागद असतात. एक आरोपपत्र. त्यात रुग्णाचं नाव लपवलेलं असतं, पण तारखेवार काय घडलं ते लिहिलेलं असतं: कोणत्या दिवशी काय लक्षणं होती, कोणती तपासणी केली नाही, कोणत्या औषधाच्या किती गोळ्या दिल्या. दुसरा कागद तडजोडीचा हुकूम. अमेरिकेत अशा बऱ्याच केसेस सुनावणीपर्यंत जात नाहीत, वकील मध्ये बसून मिटवतात. हुकुमात डॉक्टर कधी एखादाच आरोप मान्य करतो, कधी एकही करत नाही. त्यामुळे फक्त हुकूम वाचला तर प्रकरण किरकोळ वाटतं. आरोपपत्र वाचलं की गांभीर्य कळतं. अर्थात आरोपपत्र ही एकच बाजू आहे, आणि काही आरोप पुढे सोडूनही देतात, तेही लक्षात ठेवायला हवं.

अटींचा भाग सगळ्यात बोलका. नोंदी नीट ठेवण्याचा कोर्स करा, असं असेल तर एक गोष्ट. एकट्याने प्रॅक्टिस करायची नाही, दुसऱ्या डॉक्टरने केसपेपर तपासायचे, असं असेल तर दुसरी. आणि स्त्री रुग्ण तपासताना तिसरी व्यक्ती खोलीत हवीच, अशी अट असेल तर ती का घातली हे वेगळं सांगायला नको.

आता कोऱ्या रेकॉर्डबद्दल. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. बोर्डाच्या पानावर दिसतं ते बोर्डाने जाहीर केलेलं. चालू असलेली चौकशी सहसा दिसत नाही. चौकशीनंतर बंद झालेल्या तक्रारी दिसत नाहीत. अनेक राज्यांत खासगी ताकीद देऊन प्रकरण मिटवतात, तीही दिसत नाही. जाहीर केलेल्या गोष्टीही कायम राहतील असं नाही. कॅलिफोर्नियात सार्वजनिक लेखी समज दहा वर्षांनी वेबसाइटवरून निघून जाते.

रुग्णालयाने केलेली कारवाई हा तर मोठा विषय. डॉक्टर रुग्णालयात काम करतो तेव्हा तिथे ऑपरेशन करण्याचे किंवा रुग्ण दाखल करण्याचे अधिकार त्याला रुग्णालय देतं आणि रुग्णालयच काढून घेऊ शकतं. अशी कारवाई तीस दिवसांपेक्षा जास्त चालली, किंवा चौकशी सुरू असताना डॉक्टरने राजीनामा दिला, तर ती केंद्र सरकारच्या नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेला कळवावी लागते. १९८६ च्या कायद्याने ही डेटा बँक ठरली आणि सप्टेंबर १९९० मध्ये सुरू झाली. रुग्णालयाला डॉक्टर घेताना आणि नंतर दर दोन वर्षांनी ती तपासावीच लागते. पण रुग्णाला तिचं दार बंद आहे. नावं काढून टाकलेली आकडेवारी कुणालाही मिळते. ज्याच्याकडे उद्या जायचंय त्या डॉक्टरची माहिती मात्र मिळत नाही. ही गोष्ट मला मुळीच पटत नाही. ज्याच्या शरीरावर सुरी चालणार तोच माहितीबाहेर.

या नावं नसलेल्या आकडेवारीतूनच पब्लिक सिटिझनने २०११ मध्ये एक गोष्ट उघडकीला आणली. १९९० ते २००९ या काळात रुग्णालयांनी ज्यांच्यावर कारवाई केली असे १०,६७२ डॉक्टर डेटा बँकेत होते. त्यातल्या ५,८८७ जणांवर, म्हणजे ५५ टक्के डॉक्टरांवर, राज्याच्या बोर्डाची एकही कारवाई नव्हती. त्यांच्याच रुग्णालयाने ज्यांचे हात आवरले, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांवर बोर्डाने काहीच केलेलं नव्हतं.

ख्रिस्तोफर डंच या टेक्सासमधल्या न्यूरोसर्जनची केस यासाठीच बघावी. २०११ च्या अखेरीपासून त्याच्या मणक्याच्या ऑपरेशनांत रुग्ण अपंग होऊ लागले, दोघांचा जीव गेला. पहिल्या रुग्णालयाने त्याला राजीनामा देऊन जाऊ दिलं आणि डेटा बँकेला काही कळवलं नाही. तो पुढच्या रुग्णालयात गेला. दुसऱ्या सर्जननी बोर्डाकडे तक्रारी केल्या. टेक्सासच्या बोर्डाने लायसन निलंबित केलं जून २०१३ मध्ये. मधल्या सगळ्या काळात काळजी करणाऱ्या एखाद्या मुलीने आईच्या ऑपरेशनआधी बोर्डाचं पान उघडलं असतं तर तिला चालू लायसन दिसलं असतं आणि खाली कारवाई शून्य. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

राज्याची सीमा ओलांडली की रेकॉर्ड मागे राहण्याचा धोका आहेच. २०१८ मध्ये मेडपेज टुडे आणि मिलवॉकी जर्नल सेंटिनेल यांच्या पत्रकारांनी शोधून काढलं की एका राज्याने जाहीरपणे कारवाई केलेले किमान ५०० डॉक्टर दुसऱ्या राज्यात स्वच्छ लायसनवर काम करू शकत होते. म्हणून एकाच राज्याचं पान बघून थांबू नये. फेडरेशनच्या डॉकइन्फो या वेबसाइटवर डॉक्टरचं नाव टाकलं की त्याला कुठकुठल्या राज्यांत लायसन आहे आणि कुठे कारवाई झाली हे दिसतं. सविस्तर कागद मात्र त्या त्या राज्याच्या पानावरच वाचायचे. डॉक्टर आधी कुठे होता हे त्याच्या क्लिनिकच्या पानावरच्या परिचयात असतं. तिथून सुरुवात करावी.

नुकसानभरपाईच्या दाव्यांचं काय, असा प्रश्न येतोच. कोर्टातला दावा पैशांसाठी असतो, बोर्डाची कारवाई लायसनवर. दोन्हींचा एकमेकांशी आपोआप संबंध नाही. विमा कंपन्या कित्येकदा खटल्याचा खर्च टाळायला पैसे देऊन मोकळ्या होतात, म्हणून एखादी भरपाई दिसली तर लगेच घाबरू नये. पण न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१६ साली आलेल्या अभ्यासात दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जेमतेम एक टक्का डॉक्टरांच्या नावावर भरपाई दिलेल्या दाव्यांपैकी ३२ टक्के दावे निघाले. म्हणजे दाव्यांची रांग दिसली तर ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. मॅसॅच्युसेट्सने १९९६ मध्ये सगळ्यात आधी डॉक्टरांच्या जाहीर परिचयात ही माहिती द्यायला सुरुवात केली. सगळी राज्यं अजून देत नाहीत. जिथे देत नाहीत तिथे काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दिवाणी कोर्टाच्या नोंदींत डॉक्टरचं नाव शोधता येतं.

मग दराचा उपयोग काय? रेकॉर्ड किती विश्वासाने वाचायचं हे ठरवायला. बोर्ड जागं असलेल्या राज्यात पंधरा-वीस वर्षांचं कोरं रेकॉर्ड बऱ्यापैकी दिलासा देतं. ज्या राज्याचं बोर्ड वर्षानुवर्षं तळाला आहे तिथे त्याच कोऱ्या पानाचं वजन कमी. तिथे दुसऱ्या राज्यांची पानं, कोर्टाच्या नोंदी, आणि ऑपरेशन कुठे होणार त्या रुग्णालयात डॉक्टरला अधिकार आहेत का ही विचारपूस जास्त करायला हवी. अधिकार आहेत का हे रुग्णालयाला फोन करून सरळ विचारता येतं. एखादा सर्जन शहरातल्या कुठल्याच मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन करत नसेल तर का, हेही त्यालाच विचारावं.

कॅलिफोर्नियाने यात एक पाऊल पुढे टाकलंय. १ जुलै २०१९ पासून लैंगिक गैरवर्तन, नशेत रुग्णाला इजा करणं अशा ठरावीक गंभीर कारणांसाठी प्रोबेशनवर असलेल्या डॉक्टरला तपासणीच्या आधी रुग्णाला तसं सांगावं लागतं आणि त्याची सही घ्यावी लागते. असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. बाकीची कारणं असलेलं प्रोबेशन या कायद्यात बसत नाही, त्यामुळे तिथल्या रुग्णानेही बोर्डाचं पान उघडून खालपर्यंत जायला हवंच.