कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी?

"जुनी गाडी घेताना फक्त किलोमीटर बघा; जितके कमी, तितकी गाडी चांगली." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

चालून गाडी झिजते, हे खरं. पण उभ्या गाडीचंही वय वाढतं. टायर, होस पाइप, सील हे सगळं रबर. ते न चालताही कडक होतं, तडकतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीचं इंजिन तर नीट तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये पाणी आणि न जळलेलं इंधन साचत जातं. हायवेवर नियमित धावलेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी आकडा दुप्पट असूनही जास्त धडधाकट निघू शकते.

शिवाय आकडा मागेही फिरवता येतो, डिजिटल मीटरवरसुद्धा. म्हणून सर्व्हिसच्या नोंदी मागा आणि तारखेगणिक किलोमीटर चढत गेलेत का ते पाहा. मीटरवर ३०,००० आणि ब्रेक पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत, असं दिसलं तर मी तरी पुढची बोलणी करणार नाही. टायरचं वयही बघा. तो कधी बनला हे सांगणारे चार अंक त्याच्या कडेवर असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा.

इंजिन थंड असताना गाडी स्वतः सुरू करा. आधीच तापवून ठेवली असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. निळसर धूर आला, तर ऑइल जळतंय. आणि त्या मॉडेलचे सुटे भाग सहज मिळतात का, हे व्यवहाराआधीच मेकॅनिकला विचारून घ्या.