डॉबरमॅनचा कान जन्मतः उभा नसतोच

दोन वर्षांखाली मावसभावाचा फोन आला, म्हणला डॉबरमॅनचं पिल्लू आणलंय, अडीच महिन्याचं हाय, पण कानाला वास यायलाय, जरा येऊन बघून जा. मी गुराढोरांच्या दवाखान्यातला माणूस, आयुष्य म्हशीच्या मागं उभं राहण्यात गेलं, पण नातेवाईकांना काय त्याचं, जनावर म्हणजे जनावर.

लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या पुढं त्याचा आखाडा, म्हणजे शेतातला गोठा. गेलो तर पत्र्याच्या शेडमधे पिल्लू बसलेलं, दोन्ही कान डोक्यावर ताठ, आत काहीतरी कांडी घालून वरून चिकटपट्टी गुंडाळलेली, ती पट्टी मळून काळी झालेली आणि तिच्यात कडब्याचा भुसा अडकलेला. पिल्लू मागच्या पायानं सारखं खाजवायलं. ज्यानं विकलं त्यानं कान कापूनच दिलेले. म्हणे शो कट आहे, म्हणजे कान लांब ठेवून कापलेला, पंधरा दिवसांनी पट्ट्या काढा. बस, एवढंच सांगितलं.

आता आपल्याकडं बऱ्याच जणांना वाटतं की डॉबरमॅन जन्मतःच ते सशासारखे टोकदार कान घेऊन येतो. तसं नाही. त्याचे कान लोंबतेच असतात, गालाला चिकटून, एकदम गरीब चेहरा दिसतो. शेपूटही असती चांगली लांब, ती जन्मल्यावर तीन-चार दिवसांतच छाटतात म्हणून आपल्याला दिसत नाही. फोटोत जो खतरनाक कुत्रा दिसतो त्यातला निम्मा कात्रीनं बनवलेला असतो.

लोंबते कान म्हणजे पाळीवपणाची खूण. डार्विननं १८५९ च्या ग्रंथात लिहून ठेवलंय की असा एकही पाळीव प्राणी दाखवता येत नाही ज्याचे कान कुठल्यातरी देशात लोंबते नाहीत. आपल्याला लांब जायची गरजच नाही, देवणी गाय बघा, लातूर जिल्ह्याचं भूषण, तिचे कान कसे खाली झुकलेले, पोळ्याला त्याच कानावरून हात फिरवून आपण बैल सजवतो. पुढं १९५९ पासून रशियात नोवोसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञांनी कोल्ह्यांवर प्रयोग केला, दर पिढीत जे कोल्हे माणसाला कमी घाबरतात त्यांचीच पैदास वाढवायची, बाकी काही बघायचं नाही. काही पिढ्यांत शेपट्या हलवणारी पिल्लं निघाली आणि त्यातल्या काहींचे कान मऊ पडून लोंबायला लागले. कानासाठी निवड केलीच नव्हती. याचं एक स्पष्टीकरण असं देतात की गर्भात पाठीच्या कण्याजवळ काही पेशी तयार होतात आणि तिथून सगळीकडं पसरतात, भीतीचं हार्मोन सोडणारी ग्रंथी, अंगावरचा रंग आणि कानाची कुर्ची (कानाला आकार देणारा लवचिक भाग) या सगळ्यांत त्यांचा हात असतो, स्वभाव मऊ करायला गेलं की कुर्चीही मऊ होती. सगळे शास्त्रज्ञ हे मानतात असं नाही, पण मला तर भारी वाटतं, माणूस कुत्र्याला गरीब करतो आणि मग परत कात्री घेऊन भयंकर करायला बसतो.

हे डॉबरमॅनचे कान कापायचं खूळ आलं कुठून तर जर्मनीतून. अपोल्डा नावाचं गाव, तिथं कार्ल फ्रीडरिख लुई डोबरमान नावाचा माणूस करवसुली करायचा आणि गावची बेवारस कुत्री पकडायचं कामही त्याच्याकडं होतं. पैसे घेऊन फिरायचं म्हणजे सोबतीला जबर कुत्रा पाहिजे, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यानं ही जात घडवली. झटापटीत चोराच्या किंवा दुसऱ्या कुत्र्याच्या हातातोंडात कान येऊ नये म्हणून तो छाटायचा, एवढंच कारण. त्याच जर्मनीत आता कान कापायला बंदी आहे, १९८० च्या दशकापासूनच. अमेरिकेत अजून चालतं.

बरं, लांबीचं काय ते सांगतो कारण खरी गोची तिथंच आहे. साधारण तीन प्रकार बोलले जातात. मिलिटरी कट म्हणजे आखूड, खाली बुंधा रुंद ठेवलेला. मग मध्यम. आणि शो कट, यात कानाची उंची बरीचशी तशीच ठेवतात, बाहेरची कड बारीक तासून घेतात आणि बुंधाही निमुळता करतात. दिसायला शो कट देखणा, नाही म्हणत नाही, पण डोकं चालवून बघा, ज्वारीचं ताट जेवढं उंच आणि बुडाला बारीक तेवढं वाऱ्यात लवकर लोळतं. आखूड रुंद कान काही आठवड्यांत आपला आपण उभा राहतो, लांब निमुळता कान कित्येक महिने पट्टीच्या आधारानं ठेवावा लागतो, कधी वर्षापर्यंत जातं, आणि एवढं करून उभा राहीलच याची गॅरंटी कुणी देत नाही. म्हणजे पंधरा दिवसांत पट्ट्या काढा हे शो कटच्या बाबतीत निव्वळ थाप होती. पंधरा दिवसांत फक्त टाके निघतात.

वेळ का लागतो? कान म्हणजे कुर्ची, हाडासारखी टणक नाही, वाकवली की परत जागेवर येणारी. कुर्चीच्या आत रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळतं, त्यामुळं ती सावकाश भरून येती. आणि कापलेल्या कडेवर जो व्रण तयार होतो तो सुकताना आकसतो. कान ताणून धरला नाही तर तो आकसणारा व्रणच कानाला आत मुडपून टाकतो. पट्टीचं सगळं काम म्हणजे या आकसण्याशी रोजची ओढाताण.

मी त्या दिवशी खोबरेल तेल लावून लावून पट्टी सोडवली, अर्धा तास गेला, पिल्लू मांडीवर थरथर कापायलं. आतून ओलसर, कडेला लाल, एका जागी पू. टोकाला बोट लावलं, बरं झालं टोक कोमट होतं. हे टोकाचं लक्षात ठेवा. पट्टी फार घट्ट बसली तर टोकाकडं रक्त जात नाही, टोक थंड पडतं, काळंनिळं होतं आणि मग तेवढा तुकडा गळून जातो. थंड टोक, वास, सूज, पू, यातलं एक जरी दिसलं तरी पट्टी काढायची आणि पशुवैद्याकडं न्यायचं, उद्यावर टाकायचं नाही. भाऊ म्हणला हळद-तेल लावून परत बांधू का. अरे बाबा नको, तेलकट जखमेवर पट्टी म्हणजे आत वाफारा धरणार, जंतूंना आयतं घर.

बाकी काळजी म्हणजे टाके असेपर्यंत गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, कान कोरडा, दुसऱ्या कुत्र्यांबरोबर दंगा नाही. पट्टी आठवड्याला बदलायची, मधे एखादा दिवस कानाला हवा द्यायची, आणि कांडी कानाच्या भोकात खुपसायची नाही, तिचं टोक नळीवर दाबत असेल तर आतून सडतं. आपल्याकडं पावसाळ्यात माशा, आखाड्यावर शेण, उघड्या जखमेत किडे पडायला दोन दिवस पुरतात. बैलाच्या जखमेत आपण टर्पेंटाईन ओततो ते पिल्लाच्या कानाला अजिबात नाही, कातडी भाजून निघती. दुखतंय म्हणून घरातली ब्रुफेन पण नाही, कुत्र्याच्या पोटात आणि किडनीत ती विषासारखी लागती.

अजून एक. चार-पाच महिन्याला दात बदलतात तेव्हा उभा राहिलेला कान परत पडू शकतो, मग लोक घाबरून कॅल्शियम पाजतात. भावानं तर व्यालेल्या म्हशीसाठी आणलेली कॅल्शियमची बाटलीच काढली होती! मोठ्या जातीच्या लहान पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, ते बरंचसं अंगात जातं आणि वाढत्या हाडांची वाट लागते. पिल्लांचा चांगला आहार चालू असेल तर वरून काही लागत नाही.

आणि जे विकणारा कधीच सांगत नाही ते म्हणजे रक्ताचं. डॉबरमॅनमधे फॉन विलब्रांड नावाचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, रक्त गोठवायला लागणारं एक प्रथिन कमी पडतं. रोजच्या जगण्यात कळतही नाही, कुत्रा धडधाकट दिसतो, कापाकापी झाली की मात्र रक्त थांबत नाही. त्यासाठी जनुकीय तपासणी असती. कुणाच्या तरी घरामागं, भूल नीट न देता, तपासणी न करता दोन महिन्याच्या पिल्लाचे कान कापणं म्हणजे जुगारच, फक्त पैसे आपले आणि जीव पिल्लाचा.

कान कापला की कानाचे आजार होत नाहीत असंही ऐकवतात. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते मग आडवी वळते, घाण साचते ती तिथं. वरची पाळी छाटून नळीचं वळण सरळ होत नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मधे प्राण्याचा अवयव छाटणं गुन्हा आहे आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ कान कापणं त्यातच धरतं. दंड किती माहितीये? पहिल्यांदा दहा ते पन्नास रुपये. औशात दोन चहा आणि एक भजी प्लेट.

त्या पिल्लाला दुसऱ्या दिवशी लातूरला नेलं, पशुवैद्यानं पू साफ केला, इंजेक्शनं दिली, महिनाभर पट्टी बांधायचीच नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यात उजवा कान व्रणापाशी मुडपला तो मुडपलाच. भावानं नंतर दोन-तीनदा बांधून बघितला, मग वहिनीनं पट्टीचा रोलच चुलीत घातला. आता चांगला गडी झालाय, लिंबाखाली बसलेला असतो. सोयाबीनच्या दिवसात लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला की डावा कान टणकन फिरतो आणि उजव्याचं टोक मागून सावकाश येतं.