हवाई अंतर व उड्डाणकाल

दोन शहरांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून त्यांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाची लांबी; ते अंतर विमानाने कापायला लागणारा वेळ म्हणजे उड्डाणकाल. पहिले भूमितीने ठरते आणि बदलत नाही. दुसरा मात्र रोज बदलतो.

गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. ज्या वर्तुळाचे केंद्र हेच पृथ्वीचे केंद्र, ते बृहद्वृत्त. सपाट नकाशावर हा मार्ग वाकडा दिसतो आणि प्रवाशांचा गोंधळ उडतो. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, तरी त्यांना जोडणारा जवळचा मार्ग सरळ पूर्वेकडे न जाता आधी उत्तरेकडे झुकतो. अशी लांबी सुमारे ५,७७० किमी. भरते, अक्षांश धरून गेल्यास दीडशेहून अधिक किलोमीटर वाढतात. दोष विमानाचा नाही, नकाशाचा आहे.

साध्या गणितात पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी. धरतात. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. वैमानिक अंतर नॉटिकल मैलांत मोजतात (१ नॉटिकल मैल = १,८५२ मी.). मोजणी शहराच्या मध्यापासून की विमानतळापासून, हेही पाहावे लागते. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किमी. दूर आहे.

मोठी जेट विमाने साधारणपणे ताशी ९०० किमी. वेगाने जातात, पण हा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो. हवाच वाहत असेल, तर हिशेब बदलतो. मध्य अक्षांशांत सुमारे १० किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात. म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जायला सुमारे आठ तास, तर परतायला सुमारे सात तास लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचले होते.

जाता-येता वाऱ्याची फिट्टंफाट होते, असे वाटते. ती होत नाही. वारा नसताना ७,२०० किमी. अंतर ताशी ९०० किमी. वेगाने आठ तासांत कापता येते, म्हणजे जाऊन-येऊन सोळा तास. ताशी १०० किमी. वारा असला, तर एका बाजूने ७ तास १२ मिनिटे आणि दुसऱ्या बाजूने ९ तास लागतात. बारा मिनिटे जास्तच. विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ अडकून पडते, हे त्याचे कारण.

प्रत्यक्ष मार्ग बृहद्वृत्तापेक्षा बहुधा लांब असतो. वादळे, ठरलेले हवाई मार्ग आणि बंद हवाई हद्दी यांना वळसा घालावा लागतो. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द अनेक युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास सुमारे ९ तासांवरून १३ तासांवर गेला. शहरे जागच्या जागीच होती.

वेळापत्रकातील वेळेला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर फलाटाला लागेपर्यंतचा हा काळ. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे त्यात आले; संभाव्य विलंबाची सोयही कंपन्या त्यातच करून ठेवतात. त्यामुळे उशिरा सुटलेले विमान कधीकधी वेळेवर पोहोचते.

तिकिटावरील सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी केली, तर लंडनहून दुपारी १२ला सुटून न्यूयॉर्कला ३ वाजता उतरणारे विमान तीनच तास उडाले, असे उत्तर येते.