जुन्या लाकडी साइड ड्रमचं पान आणि कडं

विदर्भातल्या खेड्यांत बँडवाल्यांच्या घरी अजूनही कुठे कुठे लाकडी खोडाचा जुना साइड ड्रम निघतो. पान (काडी पडते तो ताणलेला पडदा) फाटलेलं, कडं (पान दाबून धरणारं वळं) गंजलेलं, खोड (ड्रमचं पोकळ अंग) मात्र ठणठणीत. नवं पान आणलं की ते खोडावर उतरत नाही आणि दोष खोडाला लागतो. पण ते खोड चामड्याच्या काळातलं आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

हे वाद्य मुळात फौजेचं. नागपूरजवळ कामठीची छावणी 1821 मध्ये वसली. कवायतीतला ड्रम वरातीत आला तो पुढे. तेव्हा पान चामड्याचंच. ओलं असतानाच ते बारीक लाकडी रिंगेवर मुडपून घेत आणि वाळता वाळता ते त्या खोडाच्या अंगालाच बसे. खोड मापापेक्षा मिलिमीटरभर मोठं असलं तरी कुणाचं अडत नसे.

अडायचं ते हवेमुळे. वैशाखात पारा 45 अंशांवर गेला की चामडं तडकेल इतकं ताणायचं आणि पोळ्याच्या ओलीत तेच पान ढप्प बोलायचं. डफडं जाळावर शेकून चढवता येतं. साइड ड्रमच्या खालच्या पानाला आवाजात खरखर आणणाऱ्या तारा टेकलेल्या असतात आणि ते पान इतकं नाजूक, की त्याला जाळ दाखवायची सोयच नाही. दिवसभर नट पिळत बसायचं.

1956-57च्या सुमारास अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिएस्टरची पानं विक्रीला आणली आणि हवेचा जाच संपला. पण हे पान धातूच्या पक्क्या रिंगेत येतं. ती तसूभरही सैल होत नाही. म्हणून पान 14 इंची, खोडही 14 इंची, तरी अडकतं. अशा वेळी खोडाला कानस लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. घासलेली कड परत येत नाही. जुन्या खोडांसाठी किंचित मोठ्या मापाची पानं मिळतात. अ‍ॅक्वेरियन कंपनीची ‘अमेरिकन व्हिंटेज’ त्यातलीच. वरच्या बाजूला एकपदरी, पांढरा लेप दिलेलं पान घ्यावं, चामड्याच्या आवाजाच्या जवळ तेच जातं.

कड्यांचा प्रवासही असाच. आधी लाकडी कडी, मग साध्या पत्र्याची, ती आकड्यांनी धरलेली. पुढे नटासाठी कड्यातच भोकं आली आणि शेवटी काठ बाहेर वळवलेलं कडं आलं, त्यावर काड्या कमी झिजतात. ओतीव कडं जड आणि ताठ असतं. जुनं खोड थोडं तरी लंबगोल झालेलं असतं, त्याच्याशी ते जुळवून घेत नाही, शिवाय लाकडाचा मोकळा आवाजही आवळतं. मी पत्र्याचंच कडं निवडेन आणि मूळचं शाबूत असेल तर तेच ठेवीन. नवं घेताना भोकं मोजा: 6, 8 की 10. खालच्या कड्याला तारांच्या पट्टीसाठी खाचा हव्यात. बिनखाचेचं कडं लावलं की पट्टी दबते आणि तारा पानाला नीट टेकत नाहीत.