पंख्यामागची चादर

मे महिना लागला की सोलापुरात दुपारी दोननंतर माझा फोन वाजू लागतो. "दादा, कॉम्प्युटर सकाळी बरा चालतो, दुपारी एकदम रडत बसतो. व्हायरस शिरला असेल का?" व्हायरसनं मंदावलेला कॉम्प्युटर शक्यतो सकाळीही मंदच असतो. ऊन चढेल तसा जो सुस्तावतो, त्याचं दुखणं बहुतेक वेळा उष्णतेचं असतं.

गेल्या वर्षी असाच कन्ना चौकाजवळच्या एका घरी गेलो होतो. खाली टॉवेलचे माग, वर पत्र्याच्या खोलीत कुटुंब. मुलगी बी.कॉम.ला, टॅली शिकत होती. कॉम्प्युटर आधी रांगायचा, मग आपोआप बंद पडायचा. आधी एका दुकानात नेला होता. तिथं न विचारता फॉरमॅट मारला आणि थोरल्या बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. आठवड्यानं दुखणं पुन्हा जागच्या जागी! हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. फॉरमॅटनं विंडोज नवं होतं, प्रोसेसरवरचा, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपवरचा, पंखा स्वच्छ होत नाही.

कॅबिनेटची, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याची, बाजू उघडली. पंखा आणि त्याखालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये राखाडी थर बसला होता. चिमट्यानं उचलला तर अख्खाच निघाला, अर्ध्या तळहाताएवढा, दाट आणि मऊ. मुलीच्या आईची हयात मागावर गेलेली. तिनं तो दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाली, "हे तर आपल्या टॉवेलचंच सूत की!"

खरंच, ती एक छोटी चादरच होती. सोलापुरी चादर अंगावर घेतली की ऊब येते ती चादर स्वतः गरम असते म्हणून नव्हे. सुताच्या धाग्यांमध्ये हवा अडकून पडते आणि अडकलेली हवा उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. अॅल्युमिनियममधून उष्णता हवेच्या सुमारे आठ हजार पट सहज वाहते. म्हणूनच प्रोसेसरवर अॅल्युमिनियमचा ठोकळा बसवतात. त्याला पातळ पाती काढतात, म्हणजे उष्णता सोडायला जास्त पृष्ठभाग मिळतो, आणि वर पंखा लावतात, म्हणजे तापलेली हवा हटून नवी येत राहते. त्या पात्यांच्या तोंडावर रुई बसली की हवा हलत नाही. पंखा गरगर फिरतो, आवाजही मोठा करतो, पण वारा पात्यांपर्यंत पोचतच नाही.

प्रोसेसर किती तापत असेल याचा अंदाज इस्त्रीवरून घ्या. 1000 वॉटच्या इस्त्रीची उष्णता जवळपास तळहाताएवढ्या पत्र्यावर पसरते. घरगुती प्रोसेसर साधारण 65 वॉटचा, पण त्याची सिलिकॉनची चकती जेमतेम नखाएवढी. दर चौरस सेंटिमीटरचा हिशेब केला तर इस्त्रीपेक्षा कित्येक पट जास्त उष्णता त्या इवल्या जागेतून बाहेर काढायची असते.

आता मे महिन्याचं गणित. पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, दोघांतला फरक तेवढा आटोक्यात ठेवतो. समजा, पूर्ण कामावर असताना हा फरक 45 अंश आहे. डिसेंबरात खोली 24 अंश, तर प्रोसेसर 69. मे महिन्यात पत्र्याखालची खोली 42, तर प्रोसेसर 87. इथवर ठीक आहे. रुईमुळे फरक 60 वर गेला की डिसेंबरात 84 होतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मे महिन्यात मात्र बेरीज 102 वर जाते. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा 95 ते 100 अंशांच्या आसपास असते. ती गाठली की प्रोसेसर आपला वेग आणि व्होल्टेज स्वतःच उतरवतो. वेग कमी झाला तर उष्णता त्याच प्रमाणात घटते, व्होल्टेज कमी झालं तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे तो मंद होतो तो जीव वाचवण्यासाठी! तेवढ्यानंही भागलं नाही तर तो बंद होतो.

हे घरबसल्या पाहता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, पाहा. तिथं बेस स्पीड (प्रोसेसरचा ठरलेला मूळ वेग) आणि चालू वेग दोन्ही लिहिलेले असतात. वापर 100 टक्क्यांच्या आसपास असताना वेग बेसच्या खूप खाली असेल, तर आधी उष्णतेवर संशय घ्या. (काम नसताना वेग कमी दिसतो, त्याला घाबरू नका.) त्या घरी बेस 3.6 गिगाहर्ट्झ होता आणि चालू वेग 1 च्याही खाली.

साफ करताना प्लग भिंतीतून काढा. रंगाचा कोरडा, मऊ ब्रश पुरतो. ब्लोअर वापरायचा तर अंगणात, आणि पंख्याचं पातं बोटानं धरून. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगानं फिरून खराब होऊ शकतो. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या वर विद्युतभार राहू शकतो. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरत असाल, तर त्याची हवा आत घ्यायची जाळी तुम्ही स्वतःच चादरीनं झाकताय.

त्याच घरात आणखी एक तक्रार होती. बँकेची साइट उघडेना, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं यायचं. कोपऱ्यातली तारीख पाहिली तर काही वर्षं मागची! मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, सीआर2032 नावाचा 3 व्होल्टचा बटणसेल असतो. प्लग चालू असतो तेव्हा घड्याळ बहुधा विजेवर चालतं, भिंतीवरचा स्विच बंद केला की सेलवर. काटकसरीच्या घरात रात्री स्विच बंदच होतो, म्हणून तिथं सेल लवकर संपतो. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटर जुन्या वर्षात असेल तर प्रमाणपत्राची मुदत त्याच्या लेखी सुरूच झालेली नसते. घड्याळाच्या दुकानातून सेल आणून बसवला, तारीख लावली, साइट उघडली.

यंदा एप्रिलच्या शेवटी त्या मुलीचा मेसेज आला. ब्रश घेऊन तिनं स्वतःच कॅबिनेट उघडलं होतं. पहिल्या फोटोत वर्तमानपत्रावर रुईचा गोळा, शेजारी मापाला एक रुपयाचं नाणं. दुसरा फोटो टास्क मॅनेजरचा होता, दुपारी तीनचा. वापर 100 टक्के, वेग 3.6 च्या वर.