शेळी तोंड लावत नाही ती झाडं आणि गिनीपिग

लातूर, बीड, परभणीकडच्या अंगणांत कोणती झाडं तग धरतात ते बघा. उन्हाळ्यात पाण्याची बोंब आणि गल्लीत मोकाट शेळ्या. अशात उरतात कण्हेर, बिट्टी, सदाफुली, नाहीतर कुंपणाची घाणेरी. ती कमी पाण्यावर जगतात आणि शेळी सहसा त्यांना तोंड लावत नाही, कारण ती विषारी आहेत. हल्ली याच अंगणात पोरं हौसेनं पाळलेला गिनीपिग चरायला सोडतात.

गिनीपिग हा उंदराच्या कुळातला, आणि या कुळाला उलटी होत नाही. नको ते पोटात गेलं की गेलंच. त्यात वजन जेमतेम किलोभर, म्हणजे थोडंसं विषही भारी पडतं.

सगळ्यात धोक्याची कण्हेर. तिच्यातलं ओलिअँड्रिन हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतं आणि ठोके बिघडतात. पान वाळलं तरी विष जात नाही, त्यामुळे झाडून कोपऱ्यात लोटलेला पाचोळाही नको. बिट्टीत आणि पानफुटीतही याच जातकुळीची विषं असतात. सदाफुलीतल्या ज्या द्रव्यांपासून कर्करोगाची औषधं निघाली, ती पेशींचं विभाजनच थांबवतात. घाणेरीचा तर पुरावा थेट गिनीपिगवरच आहे: भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या पालमपूर केंद्रात तिची पानं खाऊ घालून अभ्यास झाले, आणि गिनीपिगचं यकृत बिघडून त्यांना कावीळ झाली.

एक धोका मात्र शेळीच्या पारखीलाही चकवतो. पाखरांना टाकलेली ज्वारी पहिल्या पावसात अंगणात उगवते. लुसलुशीत, हिरवीगार. कोवळी ज्वारी जनावराला लागते हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तिच्या पानात धुरिन नावाचं द्रव्य एका कप्प्यात आणि ते फोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. पावसानं ताण दिला की हे प्रमाण वाढतं. ही रोपं आधी उपटून टाका.

मग चारायचं काय? हरळी, फवारा न मारलेली. मक्याची पानं, कोथिंबीर, जास्वंदीचं फूल. लसूणघास रोज नको, त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमनं मोठ्या गिनीपिगला मूतखडा होऊ शकतो. माणसासारखंच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून ढोबळी मिरचीची फोड रोज द्यावी. आणि चारणं सकाळीच. तिशीपुढच्या तापमानात त्याला ऊन लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो.

त्यानं खाणं सोडलं किंवा लेंड्या थांबल्या तर उद्याची वाट बघू नका. डॉक्टरांकडे जाताना खाल्लेल्या झाडाची फांदी सोबत न्या. घरातलं अमॉक्सिसिलिन मात्र मनानं पाजू नका, पेनिसिलिनच्या गटातली औषधं त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि त्यानंच तो दगावू शकतो.