तिसऱ्या दिवशी बिघडणारं बाळ आणि रक्तातल्या खुणा

पूर्ण दिवसांचं, अडीच-तीन किलो वजनाचं, जन्मतःच खणखणीत रडलेलं बाळ. दोन दिवस अंगावर व्यवस्थित पितं. तिसऱ्या दिवशी पिणं सोडतं, मलूल पडतं, उलट्या करतं, धाप लागते. कोल्हापुरातल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या मनात अशा वेळी पहिलं नाव येतं सेप्सिसचं, म्हणजे जंतुसंसर्गाचं. ते योग्यच आहे. बहुतेक बाळांना तेच झालेलं असतं आणि अँटिबायोटिक लांबवणं धोक्याचं असतं. पण काही बाळांच्या रक्तात जंतू सापडत नाहीत, औषधं लागू पडत नाहीत आणि पाचवीची पूजा व्हायच्या आत बाळ व्हेंटिलेटरवर जातं. यांतल्या काहींच्या पेशींत एखादं एन्झाइम जन्मापासूनच काम करत नसतं. अन्नातलं एखादं द्रव्य अर्धवट मोडून तिथेच साठतं आणि साठलेलं ते विष मेंदूला बाधतं.

मग पहिले दोन दिवस बाळ बरं का होतं? कारण पोटात असताना हा निचरा वारेतून आईच्या शरीराकडे जात होता. नाळ कापली, दूध सुरू झालं आणि दुधातल्या प्रथिनांचा सगळा भार एकट्या बाळावर आला.

या आजारांना ‘जन्मजात चयापचयदोष’ म्हणतात. ही कल्पना लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड यांची. हवेत लघवी काळी पडणाऱ्या अल्काप्टोन्युरिया या आजाराचा अभ्यास करताना 1902 मध्ये त्यांनी नोंदवलं, की अशा मुलांचे आईवडील पुष्कळदा सख्खी चुलत-मामे-आते भावंडं असतात. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्या कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यातली जुनी रीत, त्यामुळे गॅरड यांचं निरीक्षण आपल्याला थेट लागू पडतं. अशा जोडप्यात जवळपास आठवा हिस्सा जनुकं समान असतात. एकच सदोष जनुक दोघांकडे असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. एरवी जन्मजात गंभीर दोषाची शक्यता शंभरात 2 ते 3 असते, ती अशा लग्नात साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुसंख्य बाळं धडधाकटच असतात. सुनेला किंवा तिच्या माहेराला बोल लावण्याचं कारण यात कुठेच नाही, कारण असा आजार व्हायला जनुक दोन्हीकडून यावं लागतं. मात्र घरात आधी एखादं बाळ ‘कारण न कळता’ गेलं असेल, तर ही माहिती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायला हवी.

रक्तातल्या खुणा शोधण्याची सुरुवात खरं तर लघवीपासून झाली. 1934 मध्ये नॉर्वेच्या आस्बियॉर्न फॉलिंग यांनी दोन मतिमंद भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती हिरवी झाली. प्रथिनांतला फेनिलॲलनिन हा घटक न मोडता साठून मेंदूला बाधणारा फेनिलकीटोन्युरिया हा आजार सापडला तो असा. पण लघवीत खूण उमटेपर्यंत मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असायचं. अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता, भाचीला फेनिलकीटोन्युरिया होता. त्यांनी 1963 मध्ये जगापुढे ठेवलेली पद्धत इतकी साधी होती, की आजही तिच्यावरच सगळं उभं आहे: बाळाच्या टाचेच्या कडेला टोचायचं, रक्ताचे थेंब जाड गाळणकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि पोस्टाने प्रयोगशाळेत पाठवायचे.

गथ्रींच्या काळी एका चाचणीत एकच आजार कळायचा. आता टँडम मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र त्याच वाळल्या थेंबातली अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि कार्निटिन या चरबी वापरायला लागणाऱ्या द्रव्याची संयुगं त्यांच्या वजनावरून वेगळी ओळखतं. दोनेक मिनिटांत एका बाळाचा नमुना होतो आणि तीसहून जास्त आजारांचा माग लागतो.

या गाळणकागदाच्या कार्डासाठी रक्त जन्मानंतर 24 ते 72 तासांत घेणं चांगलं. त्याआधी दूध पुरेसं पोटात गेलेलं नसतं, त्यामुळे विष साठलेलंच नसतं. कार्ड आडवं ठेवून, ऊन न लागू देता, तीन-चार तास वाळवावं लागतं. एवढं वाचायला सोपं आहे, पण गगनबावड्यात किंवा राधानगरीत जुलै महिन्यात हे करून पाहा. तिथे धुतलेली दुपटी दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दमट हवेत कार्डावरची एन्झाइमं मरतात आणि निरोगी बाळाच्या रिपोर्टवर ‘एन्झाइम कमी’ असं येतं. म्हणून वाळलेलं कार्ड ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट बंद पिशवीत घालून लगेच रवाना करायचं असतं. प्रसूतिगृहातल्या सिस्टरला ही एक गोष्ट नीट शिकवली, तर महागड्या यंत्राइतकाच उपयोग होतो, असं माझं ठाम मत आहे.

खुणा फसवतातही, आणि मला यातलं सगळ्यात विलक्षण उदाहरण आपल्या बाळंतिणीच्या खोलीतलं वाटतं. 1954 मध्ये जॉन मेंकिस यांनी एका कुटुंबाची हकिकत लिहिली. चार भावंडं जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत दगावली होती आणि त्यांच्या लघवीला मेपल नावाच्या झाडाच्या पाकासारखा वास होता, म्हणून या आजाराचं नाव ‘मेपल सिरप युरिन डिसीज’. मेपलचा पाक आपण पाहिलेला नसतो, पण गुऱ्हाळावर काकवी उकळताना येणारा वास डोळ्यांपुढे, म्हणजे नाकापुढे आणा, जात तीच. हा वास सोटोलोन नावाच्या रेणूचा. उसाच्या कच्च्या साखरेत तो सापडतो आणि मेथीच्या दाण्यांत तर भरपूर. प्रसूतीच्या सुमारास आईच्या पोटात मेथी गेली, की बाळाच्या अंगाला आणि लघवीला तोच वास येतो आणि त्यावरून या आजाराचा संशय घेतला गेल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. आपल्याकडे तर मेथीचे लाडू बाळंतिणीच्या हक्काचे. ते बंद करायचं कारण नाही. वास आला तर घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही, रक्त तपासायचं. तिथेही एक मेख आहे. या आजारात ल्युसिन हे अमिनो आम्ल वाढतं, पण ल्युसिन, आयसोल्युसिन, ॲलोआयसोल्युसिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांचं वजन इतकं सारखं, की यंत्राच्या नेहमीच्या चाचणीत सगळी एकत्रच मोजली जातात. मग दुसऱ्या पद्धतीने ती वेगळी करून ॲलोआयसोल्युसिन आहे का ते पाहतात. ते ठळकपणे वाढलेलं दिसलं, की निदान पक्कं. मेथीमुळे ते वाढत नाही.

दुसरी फसगत आहाराची. प्रोपिओनिल कार्निटिन वाढलेलं दिसलं, तर प्रोपिओनिक किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिडिमिया या दोन गंभीर आजारांचा संशय येतो. पण आईच्या शरीरात बी-12 जीवनसत्त्व कमी असेल, तरी बाळाच्या रक्तात हीच खूण उमटते, आणि आपल्याकडे बी-12ची कमतरता सर्रास आढळते. म्हणून बाळाच्या रिपोर्टबरोबर आईचंही बी-12 तपासायला हवं. कमतरतेवर इंजेक्शन स्वस्त आहे आणि बाळ सुधारतं.

पहिल्या चाचणीवर किती भरवसा ठेवायचा, हे एका हिशेबातून कळेल. समजा, एखादा आजार 50,000 बाळांत एकाला होतो आणि चाचणी निरोगी बाळांतल्या हजारात एकालाच चुकून दोषी ठरवते. 1 लाख बाळं तपासली, तर खरी आजारी 2 आणि चुकून पकडलेली जवळपास 100. चाचणी चांगलीच आहे, आजारच दुर्मिळ आहे. त्यामुळे ‘पुन्हा नमुना द्या’ असा फोन आला, तर बहुतेक वेळा बाळ ठीक निघतं. पण त्या दोघांपैकी एक आपलं असू शकतं, म्हणून दुसरा नमुना त्याच दिवशी द्यायचा.

भारतात सगळेच आजार इतके दुर्मिळ नाहीत. आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने) पाच महानगरांत सुमारे एक लाख बाळं तपासली, तेव्हा जन्मजात थायरॉइडची कमतरता 1,130 बाळांत एकाला आढळली. त्यावर रोजची एक स्वस्त गोळी पुरते, मात्र ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावी लागते. बायोटिनिडेज या एन्झाइमच्या कमतरतेचंही तसंच. उपचार झाला नाही, तर फिट्स येतात, केस गळतात, बहिरेपण येतं. आणि उपाय म्हणजे बायोटिन हे साधं जीवनसत्त्व. काही औषधं मात्र कुटुंबाला झेपणारी नव्हती. टायरोसिनिमिया या अशाच एका जन्मजात आजारावरच्या निटिसिनोन या औषधाचा वर्षाचा खर्च 2 कोटींच्या वर होता. भारतीय कंपन्यांनी ते इथे बनवल्यावर तो अडीच लाखांवर आल्याचं केंद्र सरकारने 2023 मध्ये जाहीर केलं. 2021च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणानुसार 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, ती नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांतलं एक.

पण कोल्हापुरातच व्हायला हवी अशी एक चाचणी आहे: रक्तातला अमोनिया, म्हणजे प्रथिनं मोडताना तयार होणारं विष. वाळलेला थेंब मुंबईपर्यंत प्रवास करतो, अमोनियाचं रक्त करत नाही. ते बर्फात ठेवून अर्ध्या तासाच्या आत यंत्रावर लागावं लागतं, नाहीतर नळीतच अमोनिया वाढतो आणि आकडा खोटा येतो. आजारी नवजात बाळात तो लिटरमागे 150 मायक्रोमोलच्या पुढे गेला, तर युरिया चक्राच्या (अमोनियाचा युरिया करून निचरा करणाऱ्या यंत्रणेच्या) दोषासारखा आजार शोधायलाच हवा. बाळाचं दूध काही काळ थांबवून शिरेतून ग्लुकोज, सोडियम बेंझोएट, गरज पडली तर डायलिसिस हे सगळं तासांच्या हिशेबात करावं लागतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणि शहरातल्या मोठ्या एनआयसीयूंत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांत) चंदगडपासून सिंधुदुर्गापर्यंतची बाळं येतात. त्यांच्यासाठी चोवीस तास अमोनिया मोजणारी सोय शहरात असणं ही चैन नाही.

नमुना आजाराच्या भरातच घ्यावा लागतो. सलाईनमधून ग्लुकोज गेलं, की खुणा पुसट होतात. रक्त चढवलं, तर दात्याच्या पेशींतल्या एन्झाइममुळे काही चाचण्या निरुपयोगी ठरतात. त्यामुळे रक्त चढवण्याआधी एक कार्ड भरून ठेवावं. बाळ वाचण्याची आशा उरली नसेल, तेव्हाही ते भरावं, आणि डीएनएसाठी थोडं रक्त वेगळं राखावं. त्या घडीला आईवडिलांशी हे बोलणं अतिशय कठीण आहे, पण बोलायलाच हवं. कारण त्या थेंबांतून सदोष जनुक सापडलं, तर पुढच्या गरोदरपणात 11 ते 13 आठवड्यांच्या सुमारास वारेचा छोटा तुकडा तपासून बाळाला आजार आहे की नाही हे सांगता येतं. कार्ड नसेल, तर त्या जोडप्याला पुन्हा तिसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते.